वांदरांनी नेलेली भिंत

भिंतीवर थाप मारल्याशिवाय तो कुणाला चहा देत नसे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर मारतात तशी लाडाची थाप, आणि मग गिऱ्हाइकाला प्रश्न, "हालून राह्यली का? सांग, हालून राह्यली का?" गिऱ्हाईक "नाही" म्हणालं की मगच गाळणी हातात यायची.

अहेरीजवळ प्राणहितेच्या काठावर त्याचं चहाचं दुकान होतं. कुडाचं, वर कवेलूंचं छप्पर. मी गावातल्या शाळेत मास्तर; शाळा सुटली की तिथे जाऊन बसायचो. दर पावसाळ्यात नदी काठाचा लचका तोडायची आणि दुकानाच्या थोडी जवळ यायची. म्हणून गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाकडे तो भिंत मागायचा. एकदा विम्याच्या एजंटाकडेही मागितली. त्या बिचाऱ्यानं वरपर्यंत कळवतो म्हणून सांगितलं आणि चहा फुकट पिऊन गेला.

शेवटी भिंत झाली. तारेच्या जाळ्यांत दगड भरून बांधलेली, त्याच्या दुकानासमोरून जाणारी आणि दुकान संपताच संपणारी. सरकारी असली तरी ती आपल्या मालकीची आहे अशी त्याची पक्की समजूत होती. तिच्यावर कुणी धोतर वाळत घातलं तरी त्याला राग यायचा.

जिथे भिंत संपत होती तिथून त्याच्या शेजारणीची, सगळं गाव जिला बाई म्हणायचं तिची, वाडी सुरू व्हायची. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, मागे तिचं एकटीचं घर. त्याच्या चहात पडणारा गवती चहा तिच्या वाडीतला. तो द्यायला ती रोज यायची आणि रोज भांडण करून जायची.

"माह्या गवताशिवाय तुह्या चहात काय हाय, भाऊ?"

"पाणी हाय. नदीचं. तुह्या बापाचं नाई."

तुमच्याही ओळखीत अशी जोडी असेल. एक दिवस भांडण झालं नाही तर दोघांनाही जेवण जात नाही.

भिंतीनंतरच्या पावसाळ्यात दुकानासमोरचं कणभरही खचलं नाही. खचला तो बाईचा काठ. आधी कुंपण गेलं, मग वांग्यांची ओळ गेली. नदी घराच्या रोखानं निघाली होती.

"तुह्या भिंतीनं नदी माह्या अंगावर लोटली," बाई म्हणाली.

"काऊन? माही भिंत तुह्याकडं पायते तरी का? तुह्या शेळ्यांनं काठ पोखरला."

असं म्हणाला खरा, पण त्याच दुपारी मी त्याला भिंतीवर बसलेला पाहिला. त्यानं हातातला कागदी कप खाली पाण्यात टाकला. कप भिंतीला घासत सुसाट निघाला, भिंत संपली तिथे गर्रकन वळला आणि बाईच्या काठावर जाऊन आपटला. त्यानं दुसरा टाकला. तोही तिथेच आपटला. त्या दिवशी त्यानं थाप मारली नाही. आम्हाला काही न विचारताच चहा मिळाला आणि तो प्यायला आम्हाला अवघडल्यासारखं झालं.

"भिंत पुढे वाढवायला सांगा," मी सुचवलं.

"बाईच्या पुढं मसनवटी हाय, गुरुजी. मंग नदी तिथी वळन. मेलेल्या माणसानं कुणापाशी भिंत मांगाची?"

पुढच्या उन्हाळ्यात, सगळं गाव झोपलेलं असताना, भर दुपारी मी काठावरून येत होतो. भिंतीचं बाईकडचं टोक उसवलं होतं. शेजारी हा उभा, खांद्यावर धोंडा आणि हातात पक्कड.

"वांदरं लय माजले, गुरुजी. जाळ्या तोडून राह्यले."

"आणि ही पक्कड?"

"त्यायच्याच हातातून हिसकली."

मी हसलो. तो हसला नाही. धोंडा खाली ठेवून म्हणाला, "माही काय, चूल अन् बाकडे. कुठीबी मांडता येते. तिचं घर कुठी मांडू?"

पावसाळ्यात नदी त्या मोकळ्या टोकातून आत आली, त्याच्या जागेत ऐसपैस पसरली आणि दुकान घेऊन गेली. बाईच्या काठावरचा जोर ओसरला. घर राहिलं.

पाणी उतरल्यावर साहेब पाहणीला आले. जाळी कुणी तोडली, असं त्यांनी विचारलं. आम्ही सगळे आभाळाकडे पाहू लागलो. बाईच पुढे झाली.

"वांदरानं तोडली, साहेब. म्या माह्या डोयानं पायलं. मोठा हाय. टकला. बिडी बी ओढते."

हा मागे उभा राहून टक्कल खाजवत होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं आणि ते गाडीत बसले.

त्यानंतर त्याची चूल बाईच्या अंगणात आली आणि भांडणाला लांबून यायची गरज उरली नाही. थाप मारायला भिंत नव्हती म्हणून तो तिच्या घराच्या मेढीवर, छप्पर पेलणाऱ्या खांबावर, थाप मारायचा. "हालून राह्यली का?" ती ओरडायची, "तूच हालवून राह्यला!"

यंदाच्या थंडीत तो गेला. मला अजून चार वाजले की त्याची आठवण येते, आणि चहाची नाही, त्याचीच येते.

तेरवीला घरच्यांनी नदीकाठी कावळ्यासाठी घास ठेवला. मंडळी परतायला लागल्यावर बाई आली. भिंतीच्या उरलेल्या दगडांवर तिनं पळसाचा द्रोण ठेवला. त्यात चहा होता, शेजारी एक बिडी.

"कावळ्यासाठी का, बाई?" मी विचारलं.

तिनं डोळ्याला पदर लावला आणि दगडावर हलकेच एक थाप मारली.

"नाई, गुरुजी. वांदरासाठी."