खुर्चीमागचा हात

त्या दिवशीचं ऊन आधी सांगतो, म्हणजे पुढच्या मूर्खपणाचा थोडा दोष त्याच्या माथी मारता येईल. वैशाखातलं नागपूरचं ऊन! कावळे चोची वासून छपराच्या कवेलूंच्या सावलीला बसलेले, गल्लीतलं कुत्रं नळाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून पडलेलं, आणि वारा असा की कोणीतरी तोंडासमोर भट्टीचं दार उघडून धरलंय. अशा कोरड्या हवेत सुताचा जीव तो किती? मागावर धोटा दोनदा फेकला की तिसऱ्यांदा ताण्यातला धागा तुटलाच म्हणून समजा. सकाळपासून गाठी मारून मारून मी वैतागलो होतो. माणूस वैतागलेला असला की फार हुशार होतो, हे लक्षात ठेवा.

मी विणकर माणूस. शाळेचं तोंड पाहिलं नाही. कागदावरचं अक्षर आणि भिंतीवरची मुंगी मला सारखीच. पण डोळा! हजार धाग्यांत एक तुटका असला तर मी तो लांबून दाखवायचो. गल्लीत माझ्या डोळ्याचं नाव होतं. एकदा समोरच्या घरी सोयरिकीचे दोन फोटू आले. एकात मुलाची आई, दुसऱ्यात मोठी सून. मी म्हटलं, दोघींच्या अंगावर एकच लुगडं आहे. काठाची नक्षी दोन्हीकडे त्याच जागी चुकली आहे. चौकशी केली, तर खरंच निघालं! तेव्हापासून कोणाकडे फोटू आला की तो आधी माझ्याकडे यायचा. लोक चिठ्ठी वाचायला मास्तरकडे जायचे आणि फोटू वाचायला माझ्याकडे.

तर त्या दुपारी पोस्टमन आला आणि पाकीट देऊन गेला. उमरेडहून आमच्या शेवंतासाठी मुलाचा फोटू! मुलगा नामदेव, बाप सोनबाजी, घरचे दोन माग. शेवंता आमची एकुलती एक. दोन स्थळं आली आणि गेली होती, त्यामुळे घरात सगळ्यांचे जीव टांगणीला.

बायकोने फोटू आधी हिसकावला. "अवो, नाकीडोळी किती नीटस हाये पोट्टा! अन् कोट पाहा. कोट कुठंतरी पाह्यल्यासारखा वाटते."

"सगळे कोट सारखेच असतात वं," मी म्हटलं. "आण इकडं. तुले काय समजते फोटूतलं?"

हे वाक्य मी बोललो. मीच.

फोटू घेऊन मी दारात उजेडाला बसलो. घाई करायची मला सवय नाही. खांद्यापासून सुरुवात केली. कोटाची शिवण खांद्याखाली उतरलेली, म्हणजे कोट मुलाचा नाही. असू दे, मागून आणलेला कोट म्हणजे काही पाप नव्हे. वरून दुसरं बटण बाकीच्यांपेक्षा वेगळं. असू दे. उजवा हात खुर्चीच्या पाठीवर. आणि डावा?

डावा हात कोपरापासून खुर्चीच्या मागे गेलेला!

मी फोटू तिरपा केला, उलटा केला, मागून पाहिला. हात काही दिसेना. आता तुम्हीच सांगा, माणूस फोटू काढायला जातो तो दाखवायला जातो की लपवायला? आणि विणकराच्या पोराने हात लपवावा? एका हाताने काय माग चालतो?

शेजारच्या यमुनाबाई सुपात गहू घेऊन आमच्या ओसरीवर निवडत बसल्या होत्या. त्यांना मी शंका सांगितली.

"बाप्पा!" त्या म्हणाल्या. "हात खुर्चीमागं हाये म्हणून हातच नाही? मंग पाय जोड्यात हायेत, तं पायही नसतीन!"

"तुमी हसून राहिल्या. पोरीच्या जन्माचा प्रश्न हाये."

"पोरीले तं पसंत हाये," यमुनाबाईंनी मान आत वळवली. आत शेवंता रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. तिचा रहाट एकदम जोरात फिरायला लागला. मला काही ते समजलं नाही. फोटूतलं समजतं, घरातलं नाही.

दुसऱ्या दिवशी इतवारी स्टेशनावरून उमरेडची सकाळची छोटी गाडी धरली. बायको म्हणाली, "न बोलावता मुलाच्या घरी जाते काय कोणी?" मी ऐकलं नाही. सोनबाजींच्या दारात उभा राहून म्हटलं, इकडे सूत पाहायला आलो होतो, वाटलं भेटून जावं. भला माणूस! हात धरून आत नेलं, खाटेवर बसवलं, नामदेवाला हाक मारली.

नामदेव पाणी घेऊन आला. उजव्या हाताने गडवा पुढे केला. डावा पाठीमागे.

गूळ आणला, उजव्या हाताने. पंखा घेऊन वारा घातला, उजव्या हाताने. मोठ्या माणसाला डाव्या हाताने काही द्यायचं नाही, समोर उभं राहायचं तर अदबीने, हात मागे घेऊन, ही रीत मला काय ठाऊक नाही? शेवंताला मीच शिकवली. पण त्या दिवशी त्या रीतीचा मला जो राग आला! दुसरा एखादा उद्धट पोरगा असता तर हात केव्हाच दिसला असता.

मग मी युक्ती केली. सुपारी मागितली. सुपारी कातरायला एक हात अडकित्त्याला आणि एक सुपारीला लागतोच ना? नामदेवाने अडकित्ता उचलला. मी खाटेवर पुढे सरकलो. तेवढ्यात सोनबाजींनी तो त्याच्या हातून घेतला. "राहू दे गा, पाव्हण्याले मी कातरून देतो."

किती प्रेमळ माणूस! डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

"निघतो मी," मी उठलो. मुलगा पाया पडला. एका हाताने! डाव्या काखेत माझीच छत्री, हात मागेच. झालं, माझा धीर सुटला. तोंडातून निघून गेलं, "सोनबाजी, पोराचा डावा हात दाखवा!"

आत कोणीतरी विणत होतं. माग थांबला. आतून बायका डोकावल्या.

"काहून?" सोनबाजी म्हणाले.

"फोटूत दिसला नाही."

सोनबाजी खाटेवरून हळूहळू उठले. "विठोबाजी, आमचा पोट्टा बाजारातला बैल हाये काय? आज हात पाहता, उद्या दात पाहासान!"

नामदेव मात्र पुढे आला. छत्री माझ्या हातात दिली आणि मागाच्या खड्ड्यात जाऊन बसला. धोटा फेकला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, असा सरळ की पाण्यातून मासा जावा. वीतभर कापड विणलं आणि दोन्ही पंजे माझ्यासमोर उघडे धरले. दहा बोटं. सगळी जागच्या जागी, आणि त्यांवर विणकराचे घट्टे.

"मंग खुर्चीमागं काहून लपवला गा?" मी कसंबसं विचारलं.

"कोट फोटूवाल्याचा होता," तो म्हणाला. "डावी बाही इस्त्रीनं जळली होती. त्यानंच हात मागं ठेवाले लावला. तुमच्या नागपुरातच काढला फोटू."

सोनबाजींनी दाराकडे पाहिलं. "आमी विचार करून कळवतो."

विचार करून कळवतो! याचा अर्थ समजायला शाळा लागत नाही.

घरी आलो तेव्हा बायको काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. शेवंताने जेवायला वाढलं, पण वर पाहिलं नाही. त्यानंतर ती कांड्या अशा ढिल्या भरायची की विणताना माझं सूत गुंतायचं. मी गुपचूप सोडवत बसायचो.

यमुनाबाई तेवढ्या रोज विचारायच्या, "आलं काय उमरेडचं?" मग मी सगळा राग फोटूवाल्यावर काढायचो. "जळका कोट लोकांले घालते म्हणजे काय? अन् लोक तरी कसे बह्याड! असा कोट अंगावर चढवून कोणी उभं राहते काय?" असं मी आठ दिवस, रोज, मागावर बसून, समोरच्या भिंतीकडे पाहत बोललो.

नवव्या दिवशी सोनबाजी स्वतः दारात उभे! मागे नामदेव. नकार सांगायला कोणी पोराला घेऊन येतं का? की मला पोरासमोर बोल लावायला आले? मी खड्ड्यातून धडपडत वर आलो. यमुनाबाई सूप तसंच टाकून ओसरीवरून आत आल्या.

सोनबाजी बसले नाहीत. "फोटूवाल्याले भेटून येऊन राहिलो," म्हणत थेट मागासमोरच्या भिंतीशी गेले. तिथे गणपतीच्या तसबिरीशेजारी एक फोटू टांगलेला आहे. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. अगदी माझ्यासारखा, खांद्यापासून.

"हे कोण?"

"मीच," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली. हिच्या भावानं ओढत नेलं होतं."

"अन् डावा हात?"

मी पाहिलं. खरंच सांगतो, दोन वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तोच कोट! वरून दुसरं बटण वेगळं. तीच खुर्ची. आणि माझा डावा हात कोपरापासून गायब! त्या फोटूवाल्याने कोट चढवला, हात मागे सारला आणि म्हणाला, पापणी हलवू नका. मी आपला सगळा जीव पापणीत गोळा करून उभा. बाकी अंगाचं त्याने काय केलं, मला काय ठाऊक?

"म्या म्हटलं नव्हतं, कोट वळखीचा हाये म्हणून!" बायको ओरडली. आठ दिवसांत पहिल्यांदा.

सोनबाजींनी आपला हात पुढे केला. "आणा व्याही, डावा हात आणा इकडं. मोजू द्या."

व्याही म्हणाले. ऐकलंत ना? व्याही!

मी हात दिला. त्यांनी एकेक बोट धरून मोठ्याने मोजलं. पाच झाल्यावरही हात सोडला नाही. आत शेवंताचा रहाट असा घुमायला लागला की नामदेवाने मान खाली घातली.

आणि यमुनाबाईंनी माझा फोटू भिंतीवरून काढला, पदराने पुसला, एकदा जावयाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "विठोबाजी, लग्नात फोटू काढसान तं सासऱ्याले अन् जावयाले संगं उभं नका करू बाप्पा! कोट एकच हाये."