शेवंतीचा सैल चौकोन
कपाटातून डांबरगोळ्यांचा वास आला की मला येलहंकाचं आमचं भाड्याचं घर आठवतं. खाली घरमालकीण अक्का राहायच्या, मूळच्या निपाणीच्या, मराठीत कानडी मिसळून बोलणाऱ्या. एका थंडीत त्यांच्याकडून क्रोशा शिकून मी फुलाफुलांच्या चौकोनांचं ब्लँकेट करायला घेतलं होतं. चिकपेटच्या बाजारातून आणलेली लोकर सारखी, सुई तीच, टाकेही मोजून तितकेच. तरी जोडण्यासाठी सगळे चौकोन त्यांच्या लाल फरशीवर मांडले, तर पिवळ्या शेवंतीचा एक चौकोन बाकीच्यांपेक्षा बोटभर मोठा निघाला. मी पुन्हा टाके मोजले, बरोबर होते. अक्का हसल्या. "टाके नको मोजू गं. मनात काही खुपत असलं की लोकर आवळली जाते. हे तू अगदी निवांत विणलंयस, म्हणून स्वल्प सैल आलंय. कधीचं हे?" मला पक्कं ठाऊक होतं. नवरा दोन वर्षांसाठी परदेशी गेला, त्याच संध्याकाळचं. विमानतळावरून परतताना मी इतकी रडले होते की टॅक्सीवाल्याने न मागता पाणी दिलं, आणि घरी आल्या आल्या मी हेच फूल विणायला बसले होते. "आठवत नाही," मी म्हटलं. "सरी, बरं, उसव मग," त्या म्हणाल्या. मी उसवलं नाही. आज ते ब्लँकेट पांघरून नवरा विचारतो, "हे एकच फूल असं का फुगलंय?" "हात चुकला असेल," मी म्हणते. त्या दिवशी डोळे खरे होते की हात, हे मला अजून कळलेलं नाही. मी ते फूल तळहाताने दाबून सपाट करते, आणि हात काढला की ते पुन्हा वर येतं.