खालच्या गावची सोयरीक

रत्नाक्का कुणाच्याही घरी गेली की पाण्याचा तांब्या आधी नाकाशी धरायची आणि मगच तोंडाला लावायची. मी लग्न होऊन बेळगावहून या गावात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती नवी नवरी बघायला आली. मी पाणी दिलं. तिनं वास घेतला, मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "आज बरं हाय. पी तू बी." बाई भलतीच खडूस दिसते, असं मला वाटलं. सासूबाई आत तोंडाला पदर लावून हसत होत्या.

खडूस ती होतीच. नवरा लवकर गेला, पण तिनं कधी रडगाणं गायलं नाही. शेती रेटली, मुलाला शिकवलं, लेक नदीकाठच्याच खालच्या गावात दिली. पंचायतीत निवडून आली तेव्हा साहेबाशी कानडीत भांडायची आणि घरी येऊन त्यालाच मराठीत शिव्या द्यायची. मी शाळेत शिकवते म्हणून मला 'मास्तरीन' म्हणायची. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

निपाणीच्या या भागात आमच्या नदीवर जागोजागी बंधारे आहेत. दिवाळीच्या सुमाराला बंधाऱ्यात बरगे, म्हणजे लोखंडी फळ्या, घालून पाणी अडवतात आणि त्याच पाण्यावर उन्हाळा काढतात. उन्हाळ्यात केव्हातरी वरून साखर कारखान्याच्या मळीचं आणि गटारांचं काळं, फेसाळ पाणी येतं. ते कोण सोडतं हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि विचारलं तर कुणालाच ठाऊक नसतं. नदीचा वरचा भाग दुसऱ्या राज्यात. इकडचं ऑफिस तिकडे बोट दाखवतं, तिकडचं इकडे. मग वरचं गाव बरगे काढून ती घाण आमच्याकडे ढकलायचं आणि आम्ही बरगे काढून खालच्या गावाकडे. अंगणातला केर शेजारच्या दारात लोटावा, तसं ते आमच्या अंगवळणी पडलं होतं.

रत्नाक्का पाणी कमिटीची अध्यक्ष झाली आणि तिनं हे बंद केलं. घाण आली की आधी खालच्या गावाला फोन. त्यांनी टाक्या भरून घ्यायच्या, पिण्याच्या पाण्याची जॅकवेल बंद करायची, जनावरं नदीवर न्यायची नाहीत. धरणातून चांगलं पाणी सुटून घाण पातळ झाली की मगच आपण एकेक बरगा काढायचा. तोवर घाण आपल्या दारात राहील, तेवढी कळ सोसायची.

पहिल्याच उन्हाळ्यात धरणाचं पाणी यायला उशीर झाला. मासे पांढरी पोटं वर करून तरंगू लागले. वासानं घास उतरेना. खुद्द आक्काची गाभण म्हैस ते पाणी पिऊन मेली. शेवटी गाव बंधाऱ्यावर जमलं. आमचे चुलत दीर महादेवअण्णा सगळ्यांत पुढं होते.

"आक्का, तुजी लेक खाली दिलीया म्हणून आमी समद्यांनी मरायचं व्हय?"

आक्का बंधाऱ्यावर बसली होती, ती उठलीसुद्धा नाही. "व्हय, दिलीया की. आन् तुजी सुरेखा कुटं दिलीयास रं महादेवा? निम्म्या गावाच्या पोरी खाली हाईत. पोरींस्नी फुडं धाडायचं आन् मागनं ही घाण धाडायची. ह्यो काय आहेर म्हनायचा?"

आधी महादेवअण्णा मागे फिरले, मग एकेक करून सगळे. धरणाचं पाणी येईपर्यंत बरगे हलले नाहीत.

पण मागे फिरलेल्या गावाला पटलेलं असतंच असं नाही. कमिटी बदलली आणि महादेवअण्णा अध्यक्ष झाले. आक्का त्यांच्या घरी जाऊन सांगून आली, "फोन तेवढा करत जा बाबा. बाकी तुला काय करायचं ते कर." पुढच्या उन्हाळ्यात पाणी काळं झालं तसे लगेच बरगे निघाले. फोन कुणी केला नाही. गडबडीत राहून गेलं, असं अण्णा नंतर म्हणाले.

त्यानंतर महिनाभरात खालच्या गावात काविळीची साथ आली. अण्णांची सुरेखा पोटुशी होती, दिवस भरत आले होते. तिला निपाणीला नेलं, तिथून बेळगावला. ती वाचली नाही, बाळही नाही. पिण्याच्या पाण्यातूनच हे झालं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

आक्का आणि मी भेटायला गेलो. ती काही बोलून जाईल, याची मला धास्ती होती. तिनं सुरेखाच्या आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि बराच वेळ नुसती रडली. परत येताना वाटेत एवढंच म्हणाली, "आता तरी फोन करंल गं त्यो."

पुन्हा उन्हाळा आला, पुन्हा काळं पाणी आलं. आक्का मला घेऊन अण्णांच्या दारात गेली. बरगे काढायला माणसं केव्हाच गेली होती. अण्णा सोप्यात भिंतीला टेकून बसले होते.

"महादेवा, खाली फोन केलास?"

त्यांनी मान वर केली नाही. "आता खाली माजं कोन हाय, आक्का?"

आता तिची जीभ सुटणार, म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. पण ती तशीच माघारी वळली. घरी जाऊन तिनंच लेकीला फोन लावला आणि चार घरांत सांगायला लावलं. त्याच पावसाळ्यात शेती वाट्यानं लावून ती हिंडलग्याला मुलाकडे राहायला गेली.

ती वारण्याआधी एकदा मी तिला तिथं भेटले. अंथरुणाला खिळली होती. माझ्या मुलीचं लग्नाचं वय झालंय, हे तिच्या लक्षात होतं. माझा हात धरून म्हणाली, "पोरीला वरच्या अंगाला दे गं, मास्तरीन. खाली देऊ नगं."

खालच्या गावासाठी जिनं आपलं गाव अंगावर घेतलं, त्या बाईच्या तोंडी हे आलं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, आम्हा सगळ्यांचा.

परवा मुलीसाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, माणसं भली, घरात कशाची ददात नाही. गाव खालचं होतं. मी नको म्हणून कळवलं.