होतकरू

मंदामावशी रेडकर. आधी नाव लिहून टाकतो, म्हणजे मग मला मागे फिरता येणार नाही. आज मी जो कोणी आहे तो हिच्यामुळे. आणि हिच्याशी मी जे वागलो ते मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. मग तुम्हांला का सांगतोय? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या एका बँकेत ती हेड कॅशियर होती. त्या शाखेतल्या आणि शेजारच्या विमा कचेरीतल्या बायकांनी मिळून एक निधी चालवला होता. कचेरी सुटली की मावशीच्या दोन खोल्यांत जमायचं, भाजणी भाजायची, चकल्या तळायच्या, दिवाळीआधी स्टॉल मांडायचा आणि त्यातून बाहेरगावच्या मुलामुलींची फी आणि खाणावळ भागवायची. त्या मुलांतला मी एक. वडील तालुक्याच्या बाजारात हमाली करत. घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकही झालं नव्हतं.

पहिल्या भेटीत मी तिला ‘मॅडम, तुम्ही’ म्हणालो. ती म्हणाली, “मॅडम बँकेत. इथं मावशी म्हण. आणि मावशीला कोण अहोजाहो करतं रे?” तेव्हापासून ‘अगं मावशी’. मुंबईत मी जिला ‘अगं’ म्हणू शकेन अशी ती एकटीच होती.

मला तिखट लागतं म्हणून चकलीचा शेवटचा घाणा ती वेगळा काढायची. “हा माझ्या घाटी भाच्याचा,” असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, आणि बायका हसायच्या. मलाही ते आवडायचं. तिथं, त्या खोलीत, आवडायचं.

कॉलेज मात्र पार्ल्यात होतं. तिथं दिलीप होता, डॉक्टरांचा मुलगा, मनानं चांगला. त्याला मी सांगितलं होतं की गावी आमचं दुकान आहे. सहज तोंडून गेलं होतं — नाही, सहज नाही. ठरवून सांगितलं होतं.

माझं अक्षर बरं आहे. त्या वर्षी स्टॉलचा फलक मीच रंगवला, निळ्या रंगात: ‘गरीब व होतकरू विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी’. दरवर्षी स्टॉल मुलुंडच्या बाजारात असायचा. त्या वर्षी तो पार्ल्यात एका शाळेच्या पटांगणात लागला, हे मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसण्याचं पुढं काही महत्त्व उरत नाही.

रविवारी दिलीप आणि दोघे मित्र मला तिकडे घेऊन गेले. दिलीप फलकासमोर थांबला. मोठ्यानं वाचलं.

“गरीब व होतकरू. आधी गरीब व्हायचं की आधी होतकरू रे?”

सगळे हसले. मीही हसलो.

“अक्षर मात्र झकास आहे ना,” तो म्हणाला.

टेबलामागे मावशी उभी होती. तिनं मला पाहिलं, आणि कुणी अचानक आपलं माणूस दिसल्यावर चेहरा कसा होतो — तसा तिचा झाला. ‘अरे’ ओठांवर आलंच होतं. मी म्हणू शकलो असतो, ही माझी मावशी. काय झालं असतं? दिलीपनं दोन चकल्या फुकट खाल्ल्या असत्या. याहून जास्त काय होणार होतं?

तिनं हाक मारायच्या आत मी बोललो. “अहो बाई, चकली कशी दिली?”

तिनं तोंड मिटलं. मग भाव सांगितला. पिशव्यांतून एक निवडून पुढे केली आणि म्हणाली, “तिखट चालत असेल तर ही घ्या तुम्ही.”

तुम्ही. मी पैसे दिले, त्यांच्याच निधीतले. तिनं बँकेत द्यावेत तसे नीट सुट्टे परत दिले. वळलो तेव्हा मागून कुमुदताईंचा आवाज आला. त्या विमा कचेरीतल्या, तोंडानं फटकळ. “अगं मंदे, हा आपला —”

“नाही गं. दुसराच कोणीतरी. समोरचं गिऱ्हाईक बघ.”

माझ्यासाठी ती खोटं बोलली. मी न सांगता.

दिलीपला ठसका लागला. मीही खाल्ल्या चकल्या. चांगल्या झाल्या होत्या — हेही सांगायला हवं.

पण मला जे सांगायचंय ते हे नाही. अजून नाही.

दिवाळी उलटून गेल्यावर मुलुंडला गेलो. “आलास? जेवलास काय रे?” म्हणत तिनं पान वाढलं. मग माझ्याकडे पाठ करून भाकरी थापत राहिली. म्हणाली, “पार्ल्यात काय गर्दी होती त्या दिवशी. त्यात तू मला ओळखलंच नाहीस. होय ना?”

तिनं वाक्य असं मांडलं की मला फक्त मान हलवायची होती. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. दिलीप नव्हता, पार्लं नव्हतं. मग तिथं मला कसली भीती होती?

“हो गं,” मी म्हणालो. “नाही ओळखलं.”

“वाटलंच मला,” ती म्हणाली, आणि गरम भाकरी माझ्या पानात टाकली. मी ती खाल्ली.

पुढं मी पदवीधर झालो, मलाही बँकेत नोकरी लागली. ती निवृत्त झाली त्या समारंभात मी भाषण केलं. लोकांनी डोळे पुसले. ती मात्र खांद्याला धरून मला प्रत्येकाकडे नेत होती — हा आमचा भाचा, साहेब झाला आता. एकालाही सांगायचं तिनं सोडलं नाही. मी नमस्कार करत होतो.

मग ती मालवणकडे गावी राहायला गेली. मी लिहायला बसलो. आभाराची पानंच्या पानं लिहिली, फाडली. शेवटी एक अंतर्देशीय पत्र टाकलं. त्यात एवढंच होतं:

ती. मंदामावशीस, सा. न. वि. वि.

पार्ल्यात त्या दिवशी मी तुला ओळखलं होतं. दिलीपनं फलक वाचायच्याही आधी.

सुभाष