डांबऱ्याचा पट्टा आणि माझी साक्ष

आमच्या घराण्यातल्या दोनच गोष्टी आजवर कोर्टात गेल्या, एक बांध आणि दुसरा कुत्रा. बांधाचं प्रकरण आजोबांच्या हयातीपासून चालू आहे आणि माझ्या हयातीत संपेल असं वाटत नाही. कुत्र्याचं मात्र निकाली निघालं आणि तेही माझ्यामुळे, हे मी पिंपळवंडीत कोणी विचारलं तर अभिमानानं सांगतो. (न विचारता पण सांगतो, असं आमच्या मंदाचं म्हणणं. मंदा म्हणजे माझी बायको.)

माझी मुलगी वैशाली पारगावला दिली होती. जावई संदीप चाकणला कंपनीत, शिफ्टमधून उरला तर घरी. दोघंही माणसं चांगली, फक्त एकमेकांसाठी चांगली नव्हती. काही वर्षं ओढाताण झाली आणि एक दिवस वैशाली पिकअपमध्ये सामान टाकून माहेरी आली. सामानाच्या वर डांबऱ्या बसला होता. डांबऱ्या हा तिनं पिल्लापासून वाढवलेला कुत्रा, नावासारखाच काळाकुळकुळीत, अंगानं वासराएवढा. गळ्यात खिळ्यांचा पट्टा, टोकं बाहेरच्या बाजूला. आमच्याकडे उसाउसात बिबटे आहेत आणि बिबट्या कुत्र्याचा आधी गळाच धरतो, त्यामुळे असा पट्टा नसलेला कुत्रा आमच्या भागात फार दिवस टिकत नाही.

माहेरी आलेल्या मुलीनं कोपऱ्यात बसून रडावं अशी आमच्या नातेवाइकांची फार इच्छा होती. वैशालीनं त्यांची साफ निराशा केली. तिनं मळ्यातली खोली झाडून घेतली, शेळ्या आणल्या, टोमॅटो लावला आणि एकटी राहायला लागली. पहाटे अंधारात ती उसाच्या कडेनं शेळ्यांकडे जायची, पुढे डांबऱ्या, मागे ती. गावातले गडी त्या वाटेनं दिवसासुद्धा मोठ्यानं गाणी म्हणत जातात. माझी छाती तेव्हापासून जी फुगली ती अजून खाली आलेली नाही.

घटस्फोट संमतीनंच घ्यायचा ठरला. कपाट, भांडी, दागिने, सगळं एका बैठकीत वाटून झालं. वैशालीनं मिक्सरसुद्धा सोडून दिला. (त्या मिक्सरसाठी मंदा जेवढी हळहळली तेवढी ती जावयासाठी हळहळली नाही.) सह्या करायच्या तेवढ्या बाकी होत्या, आणि वैशाली म्हणाली, "कुत्रा माझा."

"तुजा कसा?" संदीप म्हणाला. "आमच्या गोठ्यावर वाढलाय त्यो. आई तिथं एकटी असती. उसात बिबट्या हाय. कुत्रं आमाला पायजे."

"पिल्लू व्हता तवा बाटलीनं दूध कुणी पाजलं?"

"दूध कुणाच्या म्हशीचं व्हतं?"

वकिलांनी घसा खाकरून सांगितलं की कायद्याच्या दृष्टीनं कुत्रा ही जंगम मालमत्ता आहे. मी गावच्या तंटामुक्ती समितीवर बरीच वर्षं काढलेला माणूस. बांधापासून कोंबड्यापर्यंत सगळी भांडणं मी ओट्यावर बसून मिटवली आहेत. इथे मात्र माझं कोणी ऐकेना. प्रकरण जुन्नरच्या कोर्टात गेलं, कोर्टानं ते मध्यस्थीला पाठवलं आणि तोवर कुत्रा आमच्याकडे राहिला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. नंतर मी मदतीला धावलो.

झालं असं, की आमच्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घेऊन बसल्याची बातमी आली. वनखात्याची गाडी भोंग्यावर सांगून गेली की शेतात वाकून काम करू नका, वाकलेल्या माणसाला बिबट्या जनावर समजतो. त्यामुळे गावातली शहाणी माणसं लोहाराकडून स्वतःच्या गळ्यासाठीसुद्धा खिळ्यांचे पट्टे करून घेऊ लागली. मी मात्र सोसायटीच्या ओट्यावर सगळ्यांदेखत, "आपण काय कुत्री हाय का रं?" असं विचारून बसलो होतो. आता मीच लोहाराकडे माप द्यायला जाणं शोभलं नसतं.

त्या दिवशी पंपाची लाईट दुपारच्या पाळीत होती आणि उसाला पाणी धरायचं होतं. पाणी धरायचं म्हणजे वाकणं आलंच. वैशाली पलीकडे हौदावर डांबऱ्याला अंघोळ घालत होती. त्याचा पट्टा इकडे खुंटीवर होता. मी इकडेतिकडे पाहिलं आणि पट्टा गळ्यात घातला. शेवटच्या भोकात का होईना, बसला! (आपली मान बारीक नाही, हे मला त्या निमित्तानं कळलं.)

पाटात पाचट अडकलं होतं. ते ओढायला मी गुडघे टेकले, मग हात टेकले, असे एकूण चार पाय झाले. ऊस सळसळत होता, त्यात चार पायांवर काहीतरी हलत होतं आणि त्या काहीतरीच्या गळ्यात डांबऱ्याचा पट्टा होता. अंघोळीतून सुटून ओल्या अंगानं पळत आलेल्या इमानी कुत्र्यानं यातून काय समजायचं? चोर समजला की बिबट्या, ते त्यालाच माहीत. पण माणूस ज्यावर बसतो ती बाजू नेमकी त्याच्याकडे होती.

माझी हाक ऐकून पहिली मंदा पोचली. तिनं कुत्र्याला मागे ओढलं, माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि क्षणात सगळं ओळखलं.

"आवं, त्यो तुमाला न्हाई चावला," ती म्हणाली. "त्यानं त्याचा पट्टा मागितला."

"काढ आधी. आन् हे कुठं बोलायचं न्हाई," मी पालथा पडून म्हणालो.

वैशाली येईपर्यंत पट्टा पुन्हा खुंटीवर गेला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुठं चावला?"

"उसात."

"अंगावर कुठं?"

मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिलो. मंदानं सांगितलं, आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जाईल असं सांगितलं. त्यातला एक पावणा निघाला पारगावचा. आम्ही घरी पोचायच्या आत बातमी घोडनदी ओलांडून संदीपच्या गोठ्यावर पोचली होती.

त्यांच्या वकिलानं लगेच कागद केला. ज्याअर्थी पाळीव कुत्रा घरच्या माणसास चावत नाही, आणि ज्याअर्थी सदर कुत्रा मुलीच्या वडिलांस चावला, त्याअर्थी सदर घर हे कुत्र्याचे घर नाही. आमच्या वकिलांनी तो वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"अण्णा, मुद्दा पक्का आहे. तुम्ही त्याला काही केलं होतं का?"

"मी कशाला काय करू?"

"मग तो चावला का?"

"आता ते त्यालाच इचारा," असं म्हणून मी उठलो. (खरं तर मी बसलेलोच नव्हतो.)

वैशालीनं डांबऱ्याला साखळी लावली, आयुष्यात पहिल्यांदा. तो पंजांवर तोंड ठेवून पडून राहिला, भाकरी टाकली तरी उठेना. "त्यो बिघडला आसंल तर ठेवता यायचा न्हाई अण्णा," ती म्हणाली. "आन् त्यो गेला तर मळ्यात एकटीनं ऱ्हाणं जमायचं न्हाई. शेळ्या इकून गावात येते." मंदानं चुलीपाशी बसून माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मध्यस्थीच्या दिवशी त्या खोलीत दोन्हीकडची मंडळी जमली. संदीप, त्याची आई, दोन वकील, आम्ही तिघं आणि टेबलामागे मध्यस्थ बाई.

"बसा ना काका," बाई म्हणाल्या.

"उभा बरा हाय."

संदीपच्या वकिलानं कागद वाचला. कुत्रा धोकादायक, बाईमाणसाला आवरत नाही, घरातल्यांवर धावतो. वैशालीची मान खाली जात गेली. जी मुलगी बिबट्याच्या वाटेनं अंधारात चालते तिची मान एका कागदानं खाली घातली, तीही माझ्या पायी. "घेऊन जावा मग त्याला," ती हळूच म्हणाली.

"थांबा," मी म्हणालो. "चावला तवा त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता."

"मग कुठं होता?" बाईंनी विचारलं.

"माझ्या."

"तुमच्या गळ्यात? कशासाठी?"

"बिबट्यासाठी."

"आणि तुम्ही उभे होतात?"

"न्हाई. चार पायांवर व्हतो."

बाई लिहीत होत्या, त्या थांबल्या. आमच्या वकिलांना एकदम हुरूप आला. "कुत्रा आधी भुंकला होता का, अण्णा?"

"लई भुंकला. पर मान वळंना. पट्टा घट्ट व्हता."

पहिला हसला तो संदीप. मग त्याची आई पदर तोंडाला लावून हसली, मग दोन्ही वकील, आणि शेवटी बाईंनी पेन खाली ठेवलं. वैशाली हसताहसता रडत होती.

"मामा," संदीप डोळे पुसत म्हणाला, "मी आसतो ना, तर मी बी चावलो आसतो." मग तो जरा गंभीर झाला. "कुत्रं राखणीला बरोबर हाय. तिच्याकडंच ऱ्हाऊ द्या. पर आईचं काय?"

"आत्यांना मी पिल्लू देते," वैशाली सासूकडे बघून म्हणाली. "मळ्यावर वाढवते, शिकवते, पट्टा घालते, मग आणून सोडते."

"तू शिकवलेलं आसंल तर चालंल," सासूबाई म्हणाल्या, आणि मोडलेल्या संसारातल्या त्या दोघी एकमेकींशी पिल्लाच्या खाण्यापिण्याचं बोलू लागल्या.

मी आयुष्यात पुष्कळ भांडणं मिटवली, पण इतक्या कमी शब्दांत एकही नाही. बाहेर आल्यावर वैशालीनं माझा दंड धरला. "अण्णा, एवढ्या लोकांत सांगितलंत," म्हणाली. मला तिचा फार अभिमान वाटला, डांबऱ्याचाही वाटला, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःचाही वाटला. मंदा म्हणाली, "आता तरी स्वतःचा एक पट्टा करून घ्या."

अटी टाइप होऊन आल्या. कुत्रा वैशालीकडे, पिल्लू पारगावला. त्याखाली बाईंनी एक कलम वाढवलं होतं: मुलीच्या वडिलांनी कुत्र्याचा पट्टा वापरू नये आणि कुत्रा मोकळा असताना उसात रांगू नये. संदीपनं सही केली, वैशालीनं सही केली, आणि मग कागद माझ्याकडे सरकवला. घटस्फोट त्या दोघांचा झाला, पण यापुढे नीट वागण्याची हमी तेवढी माझ्याकडून लिहून घेतली.