पंधरा मिनिटांची पट्टी

संपादक बातमीतून ज्या ओळी कापतो, त्या मी टाकून देत नाही. तीस वर्षं मावळात बातमीदारी केल्यावर अशा कापलेल्या ओळींचं पोतंच भरलंय. यंदाचं निम्मं तर एकट्या सुनंदा सिस्टरनं भरलं!

सिस्टर म्हणजे वलवणच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीची आरोग्यसेविका. पिशवीत डेंग्यूच्या पट्ट्या. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर सोडायचा, पंधरा मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर सुटलात. दोन आल्या तर डेंग्यू!

यंदा पावसाळा सरताना वाडीत घरटी एक माणूस अंथरुणाला खिळलं, तेव्हा मीही सिस्टरच्या मागोमाग डोंगर चढलो.

* * *

पहिला नंबर धोंडूआबांचा. एक बोट टोचून झालं, तर आबांनी लगेच दुसरा हात पुढे केला.

"आबा, हा कशाला?"

"ह्यो म्हातारीच्या नावानं. ती सुईला लय भिते."

"अहो, तिला तिचंच रक्त द्यावं लागेल!"

"चाळीस वर्सं एका ताटात जेवतोय बाई. आता कुटं येगळं ऱ्हायलंय?"

शेवटी म्हातारीला आणलं. तिनं मुकाट टोचून घेतलं. डोळे पुसत बसले ते आबा!

* * *

भागीमावशीच्या पट्टीवर एकच रेघ आली. मावशीनं ती पट्टी हट्टानं घरी नेली आणि देवापुढं ठेवली. दुसऱ्या दिवशी धापा टाकत हजर!

"बाई, दुसरी रेघ उगावली की वो!"

वेळ टळून गेली की पट्टीवर भलतीच रेघ दिसू शकते, ती धरायची नाही, असं सिस्टरनं समजावलं. नवी पट्टी लावली. पुन्हा एकच रेघ.

मावशीनं जुनी पट्टी उलटसुलट करून बघितली. "मंग ह्यो ताप कुणाला आलाय? देवाला?"

* * *

निम्म्या वाडीच्या पट्ट्यांवर दोन-दोन रेघा आल्या, तशी सिस्टर तालुक्याच्या आरोग्यखात्याच्या साहेबांकडे गेली. धुराचं मशीन द्या, पाण्याची पिंपं रिकामी करायला माणसं द्या, एवढीच मागणी.

साहेब म्हणाले, "पट्टीवरचे सगळे 'संशयित'. पुण्याच्या लॅबचा कागद आणा, मग बघू."

नियम आहे, मान्य! पण पुण्याला पाठवलेल्या नमुन्यांचा आठवडा उलटला तरी पत्ता नाही. आणि मशीन कुठं? खंडाळ्याच्या बंगल्यांत! तिथं ताप कुणाला? कुणालाच नाही! मी साहेबांना फोन लावला.

"तिथं आम्ही खबरदारी म्हणून करतोय," साहेब म्हणाले.

म्हणजे ताप नसलेल्यांना धूर आणि ताप असलेल्यांना कागद!

मी बातमी ठोकली. संपादकानं त्यातला 'डेंग्यू' कापून 'तापसदृश आजार' केलं. मी विचारलं, "ताप तापासारखा नसेल, तर कशासारखा असतो हो?"

* * *

त्यातल्याच एका बंगल्याचा वॉचमन ह्याच वाडीचा. त्याला तपासायला सिस्टर गेली, तर मालकीणबाईंनी फाटकातच अडवलं.

"आमच्याकडे डास नाहीत."

बोलता बोलता त्यांनी स्वतःच्याच दंडावर फाडकन चापट मारली. हात उघडून बघितला आणि म्हणाल्या, "हा वाडीवरून आलाय!"

* * *

बातमीमुळे का होईना, साहेब चौकशीला वाडीत आले. आठवडाभर बंगल्यांतल्या धुराची पाहणी करून, भर दुपारी स्वेटर घालून!

"किटच खराब असणार," साहेब म्हणाले. "मला ताप नाही, जरा अंग दुखतंय एवढंच. माझ्यावर लावून बघा. दोन रेघा आल्या, तर किट खोटं ठरलं!"

सिस्टरनं टोचलं. सगळी वाडी भोवती उकिडवी बसली. पंधरा मिनिटं सगळ्यांचे डोळे पट्टीवर. पट्टीवर दुसरी रेघ हळूहळू आली, पण आली ती ठसठशीत!

साहेब ताडकन उठले. "ड्रायव्हर, गाडी काढ! लोणावळ्याला, दवाखान्यात! आणि त्या मशीनवाल्याला फोन लाव, आजच्या आज इथं ये म्हणावं!"

सिस्टरनं रजिस्टर उघडलं. "साहेब, तुमच्या नावापुढं काय लिहू?"

साहेब गाडीकडे पळाले. पण गाडीच्या दाराशी धोंडूआबा उभे होते, हात जोडून.

"घाई कशाला साहेब? पुण्याचा कागद यिऊ द्या की. तवर बसा हितं, आमच्यात."