जावयाचे झेल

कळसाडीला सासुरवाडीच्या मळ्यात पपईचा ट्रक भरत होता. खालून पपया फेकणारा गडी एकेकाळी राज्याकडून बेसबॉल खेळलेला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. खांदा दुखावल्यावर खेळ सुटला, पण प्रत्येक पपई बोटांत फिरवून घ्यायची सवय राहिली. मीही कॉलेजात क्रिकेट गाजवलंय, अशी बढाई मारत मी झेलायला ट्रकवर चढलो. जावयाला अडवणार कोण?

पहिलीच पपई हवेत वळली, छातीवर आदळली आणि मी राशीत आडवा. कुणी हसलं नाही, जावई ना!

तो गडीच हळूच म्हणाला, "पाव्हना, चुकी मन्ही शे. जिंदगीभर समोरलाले खेळता येवाव नही असा बॉल फेका. आते झेलता येई अशी पपई फेकनी पडस. हाई जास्त कठीण शे."

पुढची प्रत्येक पपई अलगद माझ्या ओंजळीत येऊन बसली. सासूबाईंनी माझ्या झेलांचं गावभर कौतुक केलं. मीही त्यांना अडवलं नाही.